मामेसासऱ्यांच्या ओठांचा डावा कोपरा

आमच्या भागात कोणाला मरायचं असेल, तर त्याने माझ्या मामेसासऱ्यांच्या हयातीत मरून घ्यावं, असं मी अगदी मनापासून सांगतो. नंतर ही सोय राहणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल जे चांगलं बोलता येतं ते सगळं, आणि जे बोलता येत नाही तेही थोडंसं, ते इतकं सुरेख बोलतात की ऐकणाऱ्याला एकदा वळून चितेकडे पाहावंसं वाटतं, की आत तोच माणूस आहे ना.

नागपूरबाहेरच्या वाचकांना यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे अग्नी दिला की लोक लगेच घरी पांगत नाहीत. घाटावरच्या टिनाच्या शेडखाली जमतात आणि तिथेच शोकसभा होते. कोणीतरी माइक धरतो, चार-पाच जण बोलतात, शेवटी दोन मिनिटं मौन पाळलं जातं, आणि मग चपला शोधत सगळे निघतात. आमच्या कॉलनीत या कामाची वाटणी फार पूर्वीच झाली आहे. शववाहिकेला फोन, बांबू, मडकं, लाकडं, पांढरं कापड, हार, बाहेरगावच्यांना निरोप, घाटावर पिण्याच्या पाण्याचे कॅन, हे सगळं माझ्याकडे, कारण माझा स्वभाव याद्या करण्याचा आहे आणि कामं हातावेगळी झाली नाहीत तर मला जेवण जात नाही. माइक मात्र मामांकडे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मोठे मामा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे बोलायचं काम नव्हतं, नुसतं काट्यांकडे पाहत बसायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्याकडे बरंच बोलणं शिल्लक होतं.

घरी मामा अस्सल नागपुरी बोलतात. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ याखेरीज त्यांचं वाक्य पुरं होत नाही. पण माइक हातात आला की त्यांची भाषा इस्त्री करून येते. ‘एक ध्येयवादी व्यक्तिमत्त्व’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’, ‘काळाने घातलेला घाला’ हे त्यांचे ठरलेले शब्द, पण प्रत्येक वेळी ते असे काही उच्चारतात की शब्द त्याच सकाळी घडवून आणलेत असं वाटावं. पांढरा बुशशर्ट, खांद्याला अडकवायचा स्वतःचा छोटा स्पीकर आणि खिशात दोन जास्तीच्या बॅटऱ्या एवढा त्यांचा सरंजाम. बोलणारा लांबायला लागला की ते मागून त्याच्या कोपराला हात लावतात. एकदा निवडणुकीला उभं राहू इच्छिणारे एक गृहस्थ मयताला सोडून स्वतःच्याच कार्यावर घसरले, तेव्हा मामांनी त्यांच्या हातातला माइक आपल्याकडे वळवला आणि नम्रपणे म्हणाले, “भाऊ, तिकडं लाकडं सरत आली. थोडक्यात घ्या.”

त्यांची तयारीही कसून असे. कोणी आजारी आहे असं कळलं, की मामा बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला जात आणि गप्पांच्या ओघात पहिली नोकरी कुठली, शाळेत बक्षीस मिळालं होतं का, भाजी कोणती आवडते अशी माहिती काढून घेत. त्यांचा हेतू शुद्ध होता, पण भेटीचा अर्थ हळूहळू सर्वांना कळला. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर सुनेला सांगूनच ठेवलं होतं, “ते मामा आले तं सांगजो, मी एकदम बरी आहो. पोहे खाऊन राहिली म्हणा.”

मामांना न घाबरणारा एकच माणूस होता. खापरखेड्याला त्यांच्याच पाळीत काम केलेले आणि आता गल्लीच्या टोकाला राहणारे त्यांचे मित्र. त्यांना सगळे फोरमनसाहेब म्हणत. रोज संध्याकाळी दोघं फोरमनसाहेबांच्या ओट्यावर बसून चहा पीत आणि भांडत. भांडणाचा विषय ठरलेला नसे. फोरमनसाहेब सर्वांसमोर बजावत, “माझ्या वेळेस माइक दुसऱ्याच्या हातात दिसला न, तं उठून बसीन बे मी. सांगून ठेवतो.” मामा म्हणत, “तू मर तं आधी. बोलाचं माझ्याकडं लागलं.” हे असं बरीच वर्षं चाललं होतं, आणि त्यात काही अशुभ आहे असं दोघांच्याही मनात येत नसे.

मग मामांचा चेहरा उडायला लागला.

सुरुवात डाव्या डोळ्याखाली झाली. पापणीशी बारीकशी थरथर यायची आणि जायची. पुढे ती गालावरून खाली उतरली आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात मुक्कामाला राहिली. आता एकदम गाल आखडायचा, डोळा बारीक व्हायचा आणि ओठांचा कोपरा वर उचलला जायचा. दुखत काहीच नव्हतं. पण समोरून पाहणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की हा माणूस डोळा मारून गालातल्या गालात हसतो आहे. फोरमनसाहेबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी मागे वळून रस्त्यावर कोण आहे ते बघितलं आणि विचारलं, “काहून बे, या वयात कोणाले डोळे मारून राहिला?”

ओट्यावर हे खपून गेलं. घाटावर खपलं नाही. आमच्या भागातले रस्ते ज्यांनी बांधले, ते एक कंत्राटदार वारले. रस्ते कसे होते ते आमच्या स्कूटरींना विचारा. शोकसभेला गर्दी चांगली होती. मामा रंगात आले होते. “अत्यंत प्रामाणिक,” असं म्हणून ते थांबले, आणि बरोबर त्या थांब्यावर त्यांचा डावा डोळा मिटला आणि ओठांचा कोपरा वर गेला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू खोकल्याच्या रूपाने पुढच्या रांगांपर्यंत आलं. मामांना काय झालं ते कळेना. त्यांना वाटलं शब्द नीट ऐकू गेला नाही. म्हणून त्यांनी आवाज वाढवून पुन्हा म्हटलं, “प्रामाणिक!” आणि गाल पुन्हा उडाला.

मी पाण्याच्या कॅनपाशी उभा होतो. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कंत्राटदारांचे धाकटे भाऊ नळावर हात धुऊन माझ्याकडे आले.

“भाऊ, तुमचे मामा डोळा मारून राहिले होते.”

“नाही हो, ती नस आहे. आपोआप उडते.”

“बरोबर ‘प्रामाणिक’वरच उडली?”

“योगायोग आहे.”

“दोनदा? नसले शब्द समजते का?”

मी मामांना स्कूटरमागे बसवून घरी आणलं. तिथे ते जेवायला आले नाहीत. मामींनी मला हळूच खोलीत डोकावायला सांगितलं. मामा कपाटाच्या आरशापुढे उभे राहून, वेगवेगळ्या आवाजात, “प्रामाणिक, प्रामाणिक, प्रामाणिक,” म्हणत होते आणि स्वतःच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत होते. आरशात त्यांना मी दिसलो, तसा त्यांनी पंचा उचलून तोंडावर धरला. त्या दिवसापासून माणसासमोर आलं की तो हात तोंडावर जायला लागला.

मी लगेच कामाला लागलो. चेहऱ्याचे स्नायू उडण्याची जेवढी कारणं ऐकायला आणि वाचायला मिळाली ती लिहून काढून मामींच्या फ्रिजला चिकटवली आणि एकेकाचा निकाल लावायला घेतला. अपुरी झोप हे पहिलं कारण, पण मामा दुपारीही घोरतात, ते बाद. जास्तीचा चहा. तो बंद केला, तर गाल तसाच राहिला आणि मामांचं डोकं दुखायला लागलं, वर ओट्यावर फोरमनसाहेब मुद्दाम बशीत ओतून फुरके मारायचे ते वेगळंच. चष्म्याचा नंबर तपासला. दातांच्या डॉक्टरने एक दाढ भरली आणि याचा तिच्याशी काही संबंध नाही असं भरून झाल्यावर सांगितलं. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासलं, ते ठीक निघालं, तरी मामी खबरदारी म्हणून त्यांना केळी आणि भोपळ्याच्या बिया खाऊ घालत राहिल्या. चिंता हेही एक कारण यादीत होतं. मामा म्हणाले, “चिंता आहे ना. तोंड उडून राहिलं याची चिंता आहे. आता बोला.”

माझ्या यादीच्या समांतर गल्लीची यादी चालू होती. कोणी जायफळ उगाळून लावायला सांगितलं, म्हणून मामा आठवडाभर अर्धा गाल तपकिरी घेऊन हिंडले. कोणी तिळाच्या कोमट तेलाचं मालिश सांगितलं. मामींनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली, तेव्हा धुराने मामांचे दोन्ही डोळे मिटले आणि मामी म्हणाल्या, बघा, आता निदान सारखे तरी झाले. सगळ्यांवर कडी केली ती कबुतरांनी. हा लकवा आहे आणि लकव्याला कबुतराच्या पंखांची हवा लागते, असं एका हितचिंतकाने सांगितलं. मी विरोध केला. लकव्यात तोंड लुळं पडतं आणि इथे ते जास्तच काम करतंय, हा फरक मी मुद्देसूद समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी मामांच्या बाल्कनीत कबुतरांची जोडी होती. मामा रोज सकाळी त्यांच्यासमोर डावा गाल करून स्टुलावर बसायचे आणि कबुतरं जागची हलायची नाहीत. मग मामा टाळ्या वाजवायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेल्या चादरी घेऊन वर आल्या, त्या मामांना भेटल्याच नाहीत. दार मी उघडलं होतं. त्या जे बोलल्या ते मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि चादरी धुवून दिल्या.

या सगळ्यापेक्षा उन्हाळ्याने बरी साथ दिली. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं शहर डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून हिंडतं, फक्त डोळे दिसतात. मामांनी गांधीबागेच्या कापडबाजारातून सुती दुपट्टे आणले आणि दोन महिने ते राजासारखे वावरले. अडचण अशी झाली की पाऊस आला, थंडी आली, तरी तो दुपट्टा सुटेना. डिसेंबरात पेन्शनच्या कामासाठी मी त्यांना बँकेत घेऊन गेलो, तर दारावरच्या रखवालदाराने अडवलं. “बाबा, तोंड दाखवा.” मामांनी दुपट्टा खाली ओढला. तोंड दिसलं, आणि दिसताक्षणी त्याने रखवालदाराला डोळा मारला. रखवालदार गोरामोरा झाला. “काय बाबा, मजाक करून राहिले का?” मग मामांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सगळी हकीकत सांगितली. हे हसू नाही, हा झटका आहे. मी मारत नाही, डोळा आपोआप मारला जाते.

हा त्यांचा नवा छंद होता. लाजेपायी तोंड लपवायचं, आणि कोणी चुकून पाहिलंच तर त्याला पार सुरुवातीपासून समजावून सांगायचं. दूधवाल्याला, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईला, भाजीवालीला. भाजीवाली शेवटी म्हणाली, “मामा, झटका असो का काही असो, वांगे घेता का नाही?” मी बाजूच्या गाड्यावर कोथिंबीर निवडण्याचं नाटक करत होतो. खरं सांगतो, त्या दिवसांत त्यांच्याबरोबर चालताना मी दोन पावलं पुढे चालत असे.

घाट मात्र त्यांनी सोडला. कोणी गेलं की मामा स्पीकर माझ्याकडे पाठवून द्यायचे आणि स्वतः घरी बसायचे. त्यांच्या जागी एक निवृत्त मास्तर उभे राहू लागले. सज्जन माणूस, पण त्यांनी पहिल्याच सभेत मयताच्या ऐवजी मयताच्या जावयाला श्रद्धांजली वाहिली. जावई समोरच उभा होता. परत आलो की मामा दारातच विचारत, कोण बोललं, काय बोललं, मौन नीट झालं का. मी जावयाचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं, खरं हसू. पण दोन्ही बाजूंनी आलेलं ते हसूही त्यांनी हाताने झाकून घेतलं.

अशातच फोरमनसाहेबांच्या किडन्यांनी मान टाकली. डायलिसिस सुरू झालं. मी आणि मामा भेटायला गेलो, तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि निम्मे झाले होते. मामा दुपट्ट्याआडच बसले.

“काढ बे ते फडकं,” फोरमनसाहेब म्हणाले. “मी का तुले आज पाहून राहिलो?”

मामांनी काढलं.

“हे तोंड घेऊन बोलशीन का माझ्या वेळेस?”

“तुले काही नाही होत.”

“माझं सोड. तुझं सांग. त्या मास्तराच्या हातात माइक देशीन तं माझ्या जागी माझ्या जवायाले जाळन तो.” मग ते मामींनी पाठवलेली खिचडी बाजूला सारून हळू आवाजात म्हणाले, “तू बोलला पायजे गा. दुसऱ्या कोणाले माझं काही माहीत नाही.”

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, “जवाईबापू, मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.” कबुतरं त्याच संध्याकाळी सोडून दिली.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मामांना डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले, आणि मग एमआरआय करायला पाठवलं. त्या यंत्राच्या आवाजातून बाहेर आल्यावर मामांनी तिथल्या माणसाला सांगितलं की बेअरिंग गेलं आहे, बदलून घ्या. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. चेहरा हलवणारी नस कानामागे मेंदूतून निघते. तिथेच एक रक्तवाहिनी तिला टेकली आहे. ती ठोके देत राहते, घासून घासून नसेवरचं आवरण झिजतं आणि मग नस आपल्या मनाने संदेश सोडायला लागते.

मामा खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे इन्सुलेशन गेलं.”

“अगदी बरोबर, काका.”

“मंग आतापर्यंत ट्रिप काहून नाही झालं?”

डॉक्टर हसल्या. धोक्याचं काही नाही, म्हणाल्या. मामा मात्र हसले नाहीत. ते कागदावरच्या चित्राकडे बघत राहिले आणि खाली मान घालून बोलले, “डॉक्टरीणबाई, मले वाटे हे पाप आहे. घाटावर इतक्या जणांबद्दल खोटं चांगलं बोललो, तं तोंड आता गवाही देऊन राहिलं.” मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. एवढे महिने मी झोप, चहा, दात, चष्मा अशी कारणं तपासत होतो, आणि या माणसाने मनात हे कारण धरून ठेवलं होतं, ते माझ्या फ्रिजवरच्या कागदावर कुठेच नव्हतं.

उपाय तीन निघाले. गोळ्या आधी दिल्या. त्यांनी गाल थोडा शांत झाला आणि मामा पूर्णच शांत झाले, दुसऱ्या एका भाचीच्या साखरपुड्यात ते नवऱ्या मुलाच्या काकांच्या खांद्यावर झोपले. कानामागून ऑपरेशन करून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटीशी गादी ठेवतात, हा उपाय मामांना वीज केंद्रातला वाटून फार पसंत पडला, पण त्यांचं वय आणि साखर पाहून डॉक्टर म्हणाल्या, आधी इंजेक्शन. डोळ्याभोवती आणि ओठांच्या कोपऱ्याशी बारीक सुईने अगदी थोडं थोडं औषध द्यायचं, म्हणजे स्नायू ढिले पडतात. सुरकुत्या घालवायला काही लोक घेतात तेच औषध. हे कळल्यावर मामा पांढरे पडले. “ते हिरोइनी घेतात ते? जवाईबापू, मामीले सांगू नका.” मामींना आधीच माहीत होतं. गल्लीलाही माहीत होतं.

“याचा परिणाम काही दिवसांत दिसेल,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि साधारण तीन-चार महिने टिकेल. मग पुन्हा घ्यावं लागेल. काही खास कार्यक्रम आहे का, काका? त्या हिशोबाने तारीख देऊ.”

मामा घुटमळले. “आहे.”

“कधी आहे?”

“तारीख अजून पक्की नाही.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मान एवढी खाली गेली की डॉक्टरांना सुई मारायला त्यांची हनुवटी हाताने वर करावी लागली.

इंजेक्शन लागू पडलं. पहिले काही दिवस ओठ जरा लोंबला, चहा डावीकडून गळायचा. पण पुढे चेहरा असा स्वच्छ, स्थिर झाला की मामींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. डाव्या गालावरच्या सुरकुत्याही गेल्या. फोरमनसाहेब म्हणाले, “अर्धा जवान झाला बे हा! उरलेल्या अर्ध्याचे पैसे नव्हते का?” मामा दोन सभांत बोलून आले. दुपट्टा धुऊन कपाटात गेला.

पुढे जे झालं ते आनंदाचं होतं, आणि तरी त्याने मामांची झोप उडवली. फोरमनसाहेब सुधारले. डायलिसिस मानवलं, तोंडाला चव आली, ते काठी घेऊन पुन्हा ओट्यावर येऊन बसू लागले. महिने गेले. एके संध्याकाळी मामांच्या पापणीशी ती बारीक थरथर परत दिसली, आणि फोरमनसाहेबांनी ती लगेच टिपली.

“तुझं इंजेक्शन उतरून राहिलं, गा. अन् माझा नंबर काही लागून नाही राहिला. काय करू, सांग? जाऊ का लवकर?”

ओट्यावरचे सगळे हसले. मामांचा चेहरा लाल झाला आणि ते चहा अर्धा टाकून उठले.

दवाखान्यातून पुढच्या तारखेसाठी फोन आला, तर त्यांनी मला नाही म्हणून सांगायला लावलं. मी वाद घातला. म्हटलं, इंजेक्शन तुमच्या आजारासाठी आहे, त्यांच्या मरणासाठी नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

“मले समजते,” ते म्हणाले. “पण सुई लागली की मनात हिशोब चालू होते. आता इतके दिवस चांगलं राहीन, तेवढ्यात झालं तं बरं. दोस्ताचा असा हिशोब करतो मी, जवाईबापू. उडू द्या तोंड.”

मी वहीतून ते काम खोडलं. व्यवहारी माणसाला लाज वाटते ती अशा वेळी, जेव्हा आपलं म्हणणं बरोबर असतं आणि तरी ते पुन्हा म्हणवत नाही.

फोरमनसाहेब गेले ते सकाळी, चहा मागून, तो यायच्या आत. मी फोन केले, बांबू आणले, कॅन भरले. मामा स्पीकर खांद्याला आणि दुपट्टा तोंडाला लावून घाटावर आले. गाल आता आधीपेक्षाही जोरात उडत होता, दुपट्ट्यावरूनसुद्धा कळत होतं. अग्नी दिला गेला. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मास्तरले द्या माइक.”

मी माइक त्यांच्याच हातात ठेवला. फोरमनसाहेबांनी काय बजावलं होतं ते त्या शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण मामांकडेच बघत होता. मामांनी हळूहळू दुपट्टा सोडला, घडी केली आणि काखेत धरला.

“एक ध्येयवादी,” असं म्हणून ते थांबले. डोळा मिटला, ओठ वर गेला. मागे कोणी हसलं नाही. मामांनी माइक जरा खाली घेतला आणि मग जे बोलले ते इस्त्रीच्या भाषेत नव्हतं. “ध्येयवादी नव्हता तो. भांडखोर होता. खापरखेड्याले एक डाव बॉयलर पाहाले गेलो अन् माझ्या बुशशर्टले आग लागली, तं यानं मले शिव्या देत देत विझवली. आधी शिवी, मंग पाणी. माझ्या घरचं कार्य असलं की सगळ्यांच्या आधी येऊन बसे अन् नावं ठेवे. मले कोणी ‘तू’ म्हणणारा होता, तो हा. आता सारे मले मामा म्हणतीन.” सबंध बोलण्यात त्यांचा डावा गाल थांबला नाही. प्रत्येक वाक्याला तो डोळा मारत होता. मग मौन झालं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी चोरून वर पाहिलं. मामांच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि डावी बाजू हसत होती.

सभा संपली. शेडच्या बाकावर फोरमनसाहेबांच्या मोठ्या बहीण बसल्या होत्या. सावनेरहून त्या थेट घाटावरच आल्या होत्या, वयाने वाकलेल्या, मामांना त्यांनी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी हाताने मामांना जवळ बोलावलं.

“तुम्ही त्याचे दोस्त ना, भाऊ?”

“हो, बाई.”

“तुम्ही हासून राहिले होते.”

खुलासा माझ्या ओठांवर होता. मामांनाही तो पाठ होता, दूधवाल्यापासून रखवालदारापर्यंत सर्वांना दिलेला. त्यांचं तोंड त्यासाठी उघडलंही.

“बरं वाटलं मले,” बाई म्हणाल्या. “सकाळपासून जो येते तो रडते. लहानपणी रडकं तोंड दिसलं की हा पळून जाये. कोणीतरी हासून निरोप दिला माझ्या भावाले.” आणि त्यांनी मामांच्या डाव्या गालावर हात ठेवला. हाताखाली गाल उडत होता.

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाले, “हो, बाई. हासलो.”

परत येताना ते स्कूटरमागे बसले होते, दुपट्टा गळ्यात मोकळा. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“जवाईबापू, खोटं बोललो मी.”

“मामा, घाटावर तर तुम्ही नेहमीच…”

“ते मेलेल्यांबद्दल. हे जित्या माणसाशी बोललो. म्हाताऱ्या बाईशी.”

तेरवी झाली की सावनेरला जाऊन त्या बाईंना खरं काय ते सांगून यायचं, असं घरी पोचेपर्यंत ठरलं. तेरवी होऊन बरेच दिवस झाले. मामा मधूनमधून सकाळीच पांढरा बुशशर्ट घालून माझ्या दारात येतात, आज जाऊ म्हणतात. मी किल्ली घेतो. तेवढ्यात ते जिन्याच्या पायरीवर टेकतात, ओठांचा तो कोपरा दोनदा-तीनदा वर जातो, आणि ते मला विचारतात, “पण सांगितल्यावर मंग तिच्याजवळ काय राहीन?” मग चपला काढून आत येतात आणि चहा मागतात.